गळती शोधणारे साडू

जगात जे काही बिघडतं ते कुठेतरी गळतं म्हणूनच बिघडतं, असं ठामपणे मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे, तो म्हणजे माझे साडू. भोसरीच्या एका कारखान्यात दाबाच्या हवेच्या पाइपलाइनी सांभाळण्यात त्यांची नोकरी गेली. गुरुवारी भोसरीला सुट्टी, यंत्रं गप्प. तेव्हा हे साबणाचं पाणी आणि दाढीचा ब्रश घेऊन एकटेच कारखान्यात फिरायचे, पाइपच्या जोडांना फेस लावायचे आणि कुठे बुडबुडा उठला की दिवसभर खुशीत असायचे. निवृत्त झाले तरी कान कामावरच आहेत. आमच्याकडे जेवायला आले की दारातूनच कुकर ऐकतात. "राव, रिंग गेलीय तुमची," असं सांगून मग चपला काढतात. एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी ते दिसेनात, तेव्हा शोधाशोध केल्यावर फुगे भरायच्या सिलिंडरपाशी कान लावून उभे असलेले सापडले. कुकरच्या रिंगबद्दल ते खरं बोलले होते, हेही कबूल केलं पाहिजे.

आता ताईंबद्दल सांगायला हवं. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, या साडूंची पत्नी. त्यांचं मन काही वर्षांपूर्वी एकदा भरधाव सुटलं होतं. आठवडाभर झोप नाही, अखंड बोलणं, सगळ्या सोसायटीला साड्या वाटायचा बेत. पुढे औषधांनी सगळं ताळ्यावर आलं, पण साडूंचं समाधान होईना. दर भेटीत ते डॉक्टरांना मूळ बिघाड कुठे आहे ते विचारायचे. शेवटी चिंचवडच्या त्या सोशिक डॉक्टरांनी त्यांना समजावलं, की पेशीच्या आत एटीपी नावाचं इंधन असतं. ते आत काम करतं, पण पेशीबाहेर आलं की शेजारच्या पेशी त्याला धोक्याची सूचना समजू शकतात. ते मोडून ॲडेनोसिन तयार होतं, ते मेंदूला ब्रेक लावतं, झोप आणतं, आणि चहाकॉफीतलं कॅफीन नेमकं या ब्रेकच्या आड येतं. अशा आजारांशी याचा संबंध किती, हे अजून शोधताहेत, म्हणून गोळ्या तेवढ्या वेळेवर घ्या. यातलं शेवटचं वाक्य साडूंनी ऐकलंच नाही. बाहेर येऊन माझा दंड धरून म्हणाले, "म्हणजे बघा राव, हवा आत असली तर काम, बाहेर आली की शिट्टी! मी जन्मभर दुसरं काय केलं?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरात चहा बंद झाला. पाहुण्यांना लिंबू सरबत आणि ॲडेनोसिनवर व्याख्यान मिळू लागलं. शर्टाच्या खिशात एक वही आली. कारखान्यात प्रत्येक बिघाडापुढे कारण लिहायची शिस्त होती, तीच इथे. झोप, बोलणं, गाणं, हसणं, आणि प्रत्येकापुढे कारणाचा रकाना. ताई हसल्या की हे विचारणार, "काय झालं?" आणि पेन काढणार. आपल्या हसण्याचं कारण दर वेळी सांगायचं म्हणजे माणूस हसणार किती? ताई हळूहळू कमी हसू लागल्या. वहीत त्याची नोंद 'सुधारणा' अशी झाली.

गेल्या हिवाळ्यात मात्र वही भराभर भरू लागली. ताई स्वयंपाक करताना गाऊ लागल्या, दार लोटून फोनवर बोलू लागल्या, जुन्या मऊ साड्या काढून शिवत बसू लागल्या. कारण विचारलं तर "काही नाही." साडू घाबरले. गळती शोधायचा त्यांचा जुना गुरुवार गाठून त्यांनी मला गाडी काढायला लावली आणि ताईंना घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. तिथे त्यांनी वही वाचून दाखवली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते ताईंकडे वळले. "तुम्हाला काय वाटतं?"

ताई साडूंकडे बघत म्हणाल्या, "अहो, आपल्या पोरीला दिवस गेलेत. तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला सांगायचं नसतं, म्हणून गप्प होते. आठ दिवस राहिले होते फक्त. दुपटी शिवतेय मी."

साडू पुटपुटले, "पण झोप?"

"सात तास. तुमच्याच वहीत बघा. रोजचे सात." ताईंनी वहीवर बोट ठेवलं. "मी आजारी पडले तर हात धरून आणा मला इथं. पण मला आनंद झाला तरी इथंच आणणार का?"

डॉक्टरांनी वही चाळली. झोप खरंच रोज सात तास होती. "वही चालू ठेवा," ते म्हणाले, "पण कारण सापडलं नाही म्हणजे आजार, असं धरू नका." मला साडूंची दया आली आणि थोडा रागही आला. त्यांनी आयुष्यभर शांततेतच गळती शोधली होती, म्हणून घरातल्या आवाजालाच ते भीत होते.

परतताना नाशिक रस्त्यावरच्या एका टपरीपाशी ते म्हणाले, "राव, थांबा जरा." खाली उतरले आणि ताईंसाठी स्वतः चहा घेऊन आले, अर्धा कप. तेवढ्यात मुलीचा फोन आला. "सांगितलं गं यांना," म्हणत ताई खळखळून हसल्या. साडूंचा हात सवयीने खिशाकडे गेला, पेनही निघालं.

पुढे बऱ्याच दिवसांनी ती वही मी पाहिली. त्या गुरुवारच्या पानावर त्यांच्या शिस्तीच्या अक्षरात लिहिलं होतं. हसणं: पुष्कळ. कारण: विचारलं नाही.