बाबांचा बंब

बाबा गेले तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात चार माणसं बूट घालून उभी होती.

बाबांना हे अजिबात खपलं नसतं.

आज दसरा. ते गेल्यानंतरचा पहिला. म्हणून लिहितेय.

आई गेल्यावर मी बाबांना नागपूरहून सांता क्लाराला आणलं. आणलं कसलं, ओढून आणलं. बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेला माणूस. हाताला ग्रीस नसलं की अस्वस्थ.

आल्या दिवसापासून एकच पालुपद. "लेकीच्या घरी किती दिवस राहायचं बेटा? माझं तिकीट काढून दे."

आम्ही नवराबायको दिवसभर ऑफिसला. घरात बाबा आणि टीव्ही. एक दिवस मी परत येईन आणि बाबा बॅग भरून सोफ्यावर बसलेले असतील, अशी मला सतत धास्ती.

मग त्यांना कोपऱ्यावरचं फायर स्टेशन सापडलं.

बाहेर पाटी होती, कुणीही या आणि फ्री बीपी चेक करून घ्या. बाबा गेले. दुसऱ्या दिवशी परत गेले. मग रोजच.

"बाबा, रोज कशाला बीपी?"

"बीपी तर होऊन जाते लगेच. मग ते पोट्टे गाडी दाखवतात ना!"

बीपी घेणारा फायरफायटर डॅनी. बाबांचा 'डॅनीराव'. बाकीचे सगळे पोट्टे. आणि माझं ऐकून ते सगळेही त्यांना बाबा म्हणायला लागले.

कॉलिंग कार्ड संपेपर्यंत नागपूरच्या काकांना त्या बंबाचं कौतुक. तिकिटाचं नाव बंद.

एकदा वांगं भाजताना बाबांनी घरभर धूर केला, पण अलार्म काही वाजला नाही. लगेच स्टेशनवर तक्रार! पोट्टे नवा अलार्म बसवायला आले, तर बाबा दारात आडवे.

"शूज!"

चौघांनी मुकाट्याने बूट काढून ओळीने लावले. मग त्यांना तेच भरीत खावं लागलं. डॅनीराव तिखटाने घामाघूम झाला, तरी म्हणाला, "व्हेरी गुड, बाबा."

गेल्या दसऱ्याला बाबा हळदकुंकू, नारळ आणि झेंडूचा हार घेऊन स्टेशनकडे निघाले. एवढी मोठी गाडी बिनपूजेची कशी ठेवायची? मी कानकोंडी होऊन मागोमाग.

त्यांनी कुंकवात बोट बुडवलं आणि मी किंचाळलेच.

"बाबा, स्वस्तिक नाही हं!"

"काहून?"

"इथे त्याचा भलताच अर्थ घेतात, घरी सांगते. नुसती पाच बोटं ओढा."

ओढली. हार घातला. मग बंबावर हात ठेवून काहीतरी पुटपुटले. डॅनीने मला हळूच विचारलं, कुठली प्रेयर?

मंत्रबिंत्र काही नव्हता हो. बाबा म्हणत होते, "पोट्ट्यांना सुखरूप घरी आण, माय."

मी इंग्लिशमध्ये सांगितलं.

तेवढ्यात स्टेशनला कॉल आला आणि बंब हारासकट सुटला. नारळ बाबांच्या हातातच राहिला.

"पूजा झाली, लागली कामाला," बाबा म्हणाले. इतकं खूश मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

मार्चमध्ये एका शनिवारी सकाळी चहा गाळताना बाबा कोसळले.

मी 911 लावला. इथे अँब्युलन्सच्या आधी बंब पोचतो. तोच बंब आला. डॅनी धावत आत आला, बूट घालून. मागोमाग बाकीचे तिघेही.

"कम ऑन, बाबा. कम ऑन." छातीवर दाबत तो हेच म्हणत होता. खूप वेळ.

मग थांबला.

जाताना पेपर टॉवेल घेऊन फरशीवरचे बुटांचे ठसे पुसायला लागला. मी म्हटलं, राहू दे. तर म्हणाला, "ही'ड बी मॅड अॅट मी."

त्यानंतर सायरन ऐकला की मी खिडकी लावून घ्यायची. त्या बंबाचं तोंड बघायची इच्छा नव्हती.

आज सकाळी बेल वाजली. दारात डॅनी. बूट बाजूला काढलेले, पायात नुसते मोजे, हातात झेंडूची कुंडी.

"वी गॉट द फ्लॉवर्स. वी डोन्ट नो द रेस्ट."

मी सांगितलं, आमच्याकडे माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत.

"ओके," तो म्हणाला. कुंडी घेऊन तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "बट द ट्रक स्टिल गोज आउट."

मी सुईदोरा शोधला.

स्टेशनवर सगळे बंबापुढे उभे होते. हार घातला. पाच बोटं ओढली. बंबावर हात ठेवला. हाच आला होता माझ्या बाबांसाठी, आणि त्यांना वाचवू शकला नव्हता.

तरी म्हटलं.

"पोट्ट्यांना सुखरूप घरी आण, माय."

बाबा, तुमची गाडी बिनपूजेची राहिली नाही.

आणि ते लेकीचं घर नव्हतं हो. तुमचंच होतं.

नमस्कार करते.