पाहुणा कव्हाचा उभा हाय

परग्रहावरून लोक आले तर त्यांच्याशी बोलायचं कसं, यावर मी कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी एक नाटुकलं लिहिलं होतं. त्यातली भाषाशास्त्रज्ञ मीच. खरं सांगायचं तर सगळा खटाटोप एकाच प्रेक्षकासाठी होता, माझ्या आईसाठी. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बी.ए.नंतर भाषाशास्त्र शिकायचंय म्हटल्यावर आई म्हणाली होती, "बोलणं तं तुले येतेच. मंग आणखी काय शिकशीन?" नाटक बघून ती हो की नाही ते सांगणार होती.

परग्रहवासी झाला होता माझ्या वर्गातला मित्र. डोक्यावर चंदेरी कागद चिकटवलेली बादली, आत तोंडात जत्रेतली पिपाणी. पिपाणी म्हणजे त्याची भाषा.

नाटकात यान आमच्या वडनेर भोलजीच्या शिवारात उतरलं. मी गंभीर चेहऱ्याने एक खडा खाली ठेवला. पिपाणी एकदा वाजली. दोन खडे ठेवले, दोनदा वाजली. मी वहीत टिपून घेतलं. सातव्या खड्याला त्याला धाप लागली. मला वाटलं, आई थक्क झाली असेल.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून तिचाच आवाज आला, "काऊन वं, पाहुणा कव्हाचा उभा हाय! आंधी पाणी तं दे त्याले!"

हॉल खदखदून हसला. मला पुढचं वाक्य आठवेना. पण दारात कुणी आलं की आईने हाक मारायची आणि मी तांब्या भरायचा, हे अंगात इतकं मुरलेलं, की पाय आपोआप परीक्षकांच्या टेबलाकडे वळले. त्यांचाच भरलेला गिलास उचलून मी पाहुण्यासमोर धरला.

पाहुणाही आमच्याच भागातला. दिलेल्या पाण्याला नाही कसं म्हणणार? त्याने गिलास बादलीला लावला. बादलीला तोंडापाशी भोक पाडायचं आम्ही विसरलो होतो. पाणी छातीवरून ओघळलं. शेवटी त्याने डोकं काढून काखेत मारलं, पिपाणी खिशात टाकली, उरलेलं पाणी तो घटाघट प्यायला आणि म्हणाला, "अजून एक गिलास आन वं."

"पाह्य! बोलला का नाई?" आई उभीच राहिली होती.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षक तहानलेले राहिले म्हणून, असं मित्र अजून सांगतो.

परतताना एसटीत मी भीत भीत विचारलं, "मंग, शिकू का पुढं?"

"शिक," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "सात खडे मोजले, पन पाहुण्याले बस म्हनाचं सुचलं नाई. लय शिकाचं बाकी हाय तुह्यं."