फुकटची पेटी

नांदूरघाटात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे आणि मी, उज्ज्वला, तोंडाची फटकळ, हे अख्ख्या गावाला ठाऊक. तरी जानकीबाई ऊसतोडीहून आल्या की तडक माझ्याकडेच यायच्या. दिवाळीनंतर टोळीबरोबर जायच्या, ते कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला की परत. नवरा कधीच गेलेला. लेक सुकन्या बीडला खोली करून कॉम्प्युटर शिकत होती.

उसाच्या फडात त्यांच्याजवळ फोन नव्हता. मुकादम अर्जुनरावांच्या फोनवर बोलायचं, तर सगळी टोळी कान लावून. "जेवलीस का" याच्या पुढं बोलणंच जाईना. मग सुकन्यानं डोकं चालवलं. स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव, विकत घेतलं आणि त्यावर स्वतःचा आणि आईचा ईमेल पत्ता काढला. दर रविवारी मनातलं सगळं रेकॉर्ड करून त्या पत्त्यावर पाठवायची. आई गावी आली की माझ्या दुकानात बसून ऐकायची. अंगठेबहाद्दर बाई, पण पत्ता तोंडपाठ!

तो पत्ता काढतानाच आमची जुंपली होती. मी म्हणलं, "अगं, नाव विकत घेतलंस, मग मेलची पेटीपण पैशाची घे. फुकटचं कधी बंद करतील, नेम न्हाई."

"ताई, नोकरी तर लागू द्या. पहिल्या पगारात घेते," म्हणाली आणि फुकटचीच घेतली. पेटीला आईचा म्हणून फोन नंबर टाकला मुकादमाचा. टोळीतल्या कुणालाही नंबर विचारा, मुकादमाचाच सांगणार.

गेल्या वर्षी जानकीबाई हेडफोन लावून बसल्या, तेव्हा मधेच हसायच्या, मधेच "आगं माय" म्हणून पदर डोळ्याला लावायच्या.

यंदा संक्रांतीनंतर सुकन्या तापानं गेली. दवाखान्याच्या धावपळीत, ज्यात रेकॉर्ड करायची तो मोबाईलही हरवला. लेकीचे दिवस घालून जानकीबाई परत फडात गेल्या. पट्टा पडला, तशा बोचकं घेऊन थेट दुकानात आल्या.

"लावा ताई. संक्रांतीपतूरचं असंल."

पेटी उघडेना. कंपनीनं फुकटची सोय बंद केली होती. पैसे भरा, नाहीतर सगळं पुसलं जाईल, असे मेसेज महिनाभर गेले होते, अर्जुनरावांच्या फोनवर. मी त्यांना फोन लावला.

"ते व्हय? पैसे मागत व्हते. म्हणलं फसवायचा धंदा हाय, उडवून टाकले."

शिव्या ओठावर आल्या होत्या. पण त्यांना तरी काय म्हणू?

जानकीबाईंनी कमरेची पिशवी सोडली. "मंग आता पैशाची घ्या की."

"घेता येईल, काकू. पत्ता तोच मिळंल. पण आतलं पुसलं गेलं, ते काही येणार न्हाई."

"जादा देते."

मला सुकन्याचाच राग आला. मेलेल्या पोरीवर कुणी चिडतं का? मी चिडले. ऐकलं असतंस तर काय बिघडलं असतं, बाई?

जानकीबाई उठेनात. मग हळूच म्हणाल्या, "ताई, मी हितंच बसून ऐकायची. कवातरी तुमच्या कानावर पडलंच असंल. काय म्हणायची ती, सांगा. तिच्यावानी म्हणून दाखवा. दिस जातील तसा आवाज निसटायलाय माझ्यापून."

गावात कुणाच्या घरी काय शिजतं, ते मला ठाऊक असतं. पण मायलेकीचं बोलणं म्हणून मीच त्यांच्या कानाला हेडफोन लावायचे आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. त्यातला एक शब्द मी ऐकलेला नव्हता.