अपवाद नव्हे, कारण

सरांची आणि माझी ओळख झाली हायड्रोजनमुळे, आणि पहिल्याच दिवशी मी बोलणी खाल्ली. मी धावड्याची, मंठ्याला मामांकडे राहून बी.एस्सी. करायला आले होते. प्रा. गंगाधर सोरमारे सरांनी आवर्तसारणीचा तक्ता टांगला आणि विचारले, हायड्रोजनला पहिल्या गणात का बसवले, सतराव्यात का नाही? बारावीला पाठ केलेले उत्तर मी ठणकावून दिले, की हायड्रोजन अपवाद आहे. सरांनी खडू खाली ठेवला.

“माय, हा शब्द माझ्या वर्गात चालत न्हाई,” ते म्हणाले. “अपवाद म्हणजे आपल्याला कारण सापडलं न्हाई, अन् शोधायचा कंटाळा आला.”

त्यानंतर तो शब्द वर्गात कोणी उच्चारला नाही. लिथियम आपल्याच गणातल्या सोडियमला सोडून शेजारच्या गणातल्या मॅग्नेशियमसारखे का वागते? शिसे चारऐवजी दोनच इलेक्ट्रॉन वापरून का थांबते? कारण आमच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय सर वर्ग सोडत नसत, मग घंटा होवो नाहीतर कुणाची बस चुको.

मूलद्रव्यांवर त्यांचा जीव किती, हे सरांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना विचारा. सोडियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवावे लागते, नाहीतर हवेनेच खराब होते. एकदा प्रयोगशाळेतले रॉकेल संपले, तर सरांनी घरची रेशनची बाटली आणून ओतली. दुसऱ्या दिवशी काकू प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहिल्या आणि आम्हा सगळ्यांसमोर त्यांनी विचारले, “सोडियमला रॉकेल पायजे, अन् माझ्या स्टोला न्हाई का?” एरवी प्रत्येक गोष्टीचे कारण सांगणारे सर तेव्हा रिकामी बाटली उचलून रेशनच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

आता मूळ गोष्ट. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत बोरॉनच्या तीन संयुगांवर प्रश्न आला. एक फ्लोरीनचे, एक क्लोरीनचे, एक ब्रोमीनचे. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनची जोडी घ्यायला यांतले सर्वांत उतावीळ कोणते? फ्लोरीन इलेक्ट्रॉन सर्वांत जोराने ओढतो, म्हणून फ्लोरीनचे, असे वरवर वाटते. पण तो एका हाताने ओढतो आणि दुसऱ्या हाताने आपली जोडी बोरॉनला परत देतो. दोघे मापाने जवळपास सारखे, त्यामुळे ती जोडी बोरॉनच्या रिकाम्या जागेत नीट बसते. ब्रोमीन पडला मोठा; त्याची जोडी तिथे तशी बसत नाही, आणि बोरॉनची भूक तशीच राहते. म्हणून उत्तर ब्रोमीनचे. मी तेच लिहिले, कारणासह. तपासणाऱ्यांच्या नमुना उत्तरात मात्र फ्लोरीन होते. नेमक्या तेवढ्या गुणांनी मी नापास झाले.

वडिलांनी आणखी एकच वर्ष दिले. पुन्हा नापास झाले तर धावड्याला परत आणि शिक्षण बंद. सर मला आणि स्वतः लिहिलेले तीन कागद घेऊन विद्यापीठाच्या परीक्षा विभागात गेले. तिथल्या साहेबांनी कागद वाचले आणि ते म्हणाले, हे अपवाद म्हणून बरोबर असेल, पण परीक्षेत नियम लिहायचा असतो. गुण काही मिळाले नाहीत.

परतीच्या एसटीत सरांनी ते तीन कागद घडी करून खिशात ठेवले. मग म्हणाले, “मलाबी लोक अपवाद म्हणतात. मेंढरं राखणाऱ्याच्या घरातून प्रोफेसर झाला म्हणून. माझे दोन भाऊ माझ्याहून हुशार होते. मेंढरामागं कोणीतरी जाणं भाग होतं. ते गेले, मंग मी शाळेत गेलो. मला अपवाद म्हणलं की ते दोघं ढ ठरतात.” मला रडू आले आणि मी ते लपवलेही नाही.

पुढच्या परीक्षेआधी मी सरांना विचारले, तोच प्रश्न पुन्हा आला तर काय लिहू? ते म्हणाले, “उत्तर तुझं आहे, तूच ठरव. पण बाकीचा पेपर असा लिही, की हे मार्क कापले तरी तुला पास करावं लागंल.”

प्रश्न आला, शब्दन् शब्द तोच. फ्लोरीन लिहिले असते तर गुण खात्रीचे होते. मोह झाला, खोटे कशाला सांगू! पण ब्रोमीनच लिहिले, आणि कारण आधीपेक्षा एक परिच्छेद जास्त लिहिले. मी पास झाले. त्या उत्तराला गुण मिळाले की नाही हे मला आजवर कळलेले नाही, आणि त्याची पर्वाही नाही. आज जालन्यात मी हाच विषय शिकवते आणि माझ्या वर्गातही तो शब्द बंद आहे.

म्हणूनच सरांच्या पंच्याहत्तरीसाठी नेमलेल्या गौरव समितीचे पत्रक वाचून माझे डोके फिरले. त्यात सरांना ‘अपवादात्मक शिक्षक’ म्हटले आहे. समितीतले सगळे सरांचेच विद्यार्थी. हे लिहायला हात कसा धजावला? माझ्याकडे आलेल्या सगळ्या प्रतींवरचा तो शब्द मी खोडला आहे, इतरांनीही खोडावा. सर घडले त्याला कारणे आहेत, आणि त्यांतली दोन आजही हसनाबादला राहतात. पंच्याहत्तरीच्या सोहळ्यात पहिल्या रांगेत त्या दोन भावांच्या खुर्च्या नसतील, तर मी भाषणाला उभी राहणार नाही, हे समितीने आत्ताच समजून घ्यावे.

सरांना ठणठणीत प्रकृती लाभो, आणि काकूंचा त्यांच्यावरचा राग असाच टिकून राहो. सर शंभरी गाठतीलच. तेव्हा लोक म्हणतील, हा माणूस म्हणजे अपवाद. म्हणू देत. आम्ही कारण लिहून दाखवू, पानभर, मग गुण मिळोत न मिळोत.