शेवंताबाईची म्हैस

नाटकात एन्ट्री घेण्याआधी शेवंताबाई हाताला लागेल त्याचं मनगट धरायची. पेटीवाल्याचं, पडदा ओढणाऱ्याचं, पण बहुतेक वेळा माझंच. नखं अशी रुतायची की दुसऱ्या दिवशीही वळ दिसत. मी कुरकुरले की म्हणायची, "मले भेव लागलं नाई तं समज, आज काम बिघडते."

ती माझी मावसबहीण, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. मुलचेऱ्याकडच्या आमच्या गावात तिचे वडील तळ्यातली मासोळी धरत. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकांत पुरुषच लुगडं नेसून बायांची कामं करत, तेव्हा ही पोरगी उभी राहिली. नावं ठेवणारेच पुढे पहिल्या रांगेत येऊन बसू लागले.

सिनेमावाल्यांनी तिला चेहरा पाहायला मुंबईला बोलावलं, ते पन्नास सालानंतर. निघायला चार दिवस होते. सकाळी आम्ही दोघी मोहफुलं वेचायला गेलो. मी सात वर्षांची. खाली वाकले होते, तोच माझं मनगट आवळलं गेलं. समोरच्या झुडपात काहीतरी काळं फुसफुसत होतं.

"काई नाई वं," ती हसून म्हणाली. "पाटलाची म्हैस हाये. मारकी हाये, मनून माह्या पाठीशी राह्य. मांगं मांगं चाल."

आवाज इतका साधा, की मला म्हैसच दिसली. टोपल्या तिथेच टाकून आम्ही पावलापावलाने मागे आलो. घरी पोचताच तिची दातखीळ बसली. तीन दिवस ती तापाने फणफणली. ते अस्वल होतं, हे मला तेव्हा कळलं. अस्वल तोंडावरच झडप घालतं. गावात एकाला डोळा नव्हता, एकीला नाक. मुंबईला न्यायचा तो चेहरा घेऊन ती माझ्यापुढे उभी राहिली होती.

पुढे ती सिनेमात गाजली, म्हातारपणी टीव्हीवरही आली. पडद्यावर भ्यायची ती किंचाळून, डोळे फिरवून. लोक वाहवा करत, मला हसू येई. खरी भ्यालेली शेवंताबाई अगदी साधं बोलते, हे मलाच ठाऊक होतं.

शेवटी मुंबईच्या दवाखान्यात तिचं ऑपरेशन ठरलं. फारशी आशा नाही, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं. मी डोळे पुसून आत आले. स्ट्रेचरवरून तिने माझं मनगट धरलं. नखं रुतली.

"काई नाई वं," ती हसून म्हणाली. "पाटलाची म्हैस हाये."

या वेळी मला म्हैस दिसली नाही. तरी मी सात वर्षांच्या पोरीसारखी मान डोलावली. आयुष्यात मला अभिनय जमला तो तेवढाच.

ती परत आली नाही. माझ्या मनगटावरचे वळ तिच्यामागे दोन दिवस राहिले.