चाचपेरावांचा उलटा हात

आमच्या गल्लीतल्या वायरमनला सगळे चाचपेराव म्हणायचे. पंखा दुरुस्तीला बोलवा नाहीतर बल्ब लावायला, जाण्याआधी हा गृहस्थ घरातल्या एकूण एक स्विचला उलटा हात लावून तो तापलाय का बघणार. मला भारी राग यायचा. मिक्सर दुरुस्त करायला आले तेव्हा मी तोंडावरच म्हटलं, "सांगितलं तेवढं करा की. नसती उठाठेव कशाला?"

"एका घरी सांगितलं तेवढंच करून निघालो होतो, ताई," ते म्हणाले. "बहिणीचं घर होतं. जळालं."

ते सरळ आईच्या खोलीत गेले.

आईला ऑक्सिजनच्या यंत्राशिवाय दहा मिनिटंही काढता येत नव्हती. लाइट गेले की यंत्र बॅटऱ्यांवर घ्यायचं. त्यासाठीचा स्विच मी स्वतः बसवला होता, घरात पडलेला साधाच. सात महिने बिनबोभाट चालला, म्हणून मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

लाइट तेव्हाही गेलेलेच होते. चाचपेरावांनी त्या स्विचला हात लावला आणि झटकन मागे घेतला. आधी बॅटरीच्या तारा यंत्राला थेट जोडल्या, मग स्विच उघडला. करंट जोडणारे-तोडणारे आतले पॉइंट कोळसा झाले होते.

"हा एसीचा, म्हणजे घरच्या लाइटचा स्विच. एसी करंट सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, तेवढ्यात स्विच दाबताना उडालेली ठिणगी विझते. त्यावर हा वीस वर्षं टिकला असता. बॅटरीचा करंट डीसी, तो शून्यावर येतच नाही. ठिणगी धरून राहते, दरवेळी पॉइंट खाते. अजून चार-पाचदा दाबला असता, तर संपलंच असतं."

आणि मी याच तपासण्याला नसती उठाठेव म्हटलं होतं.

तासाभरात त्यांनी डीसीचा जाडजूड स्विच आणून बसवला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लाइट गेले. मी भीत भीत बटण दाबलं. यंत्र चालू झालं, आईची झोपही मोडली नाही. मी त्यांना फोन लावला. जन्मात कुणाला 'चुकलं माझं' म्हटलं नव्हतं, त्यांना म्हटलं, आणि रडू आवरेना. तुमच्यामुळे माझी आई आहे, असंही म्हटलं.

"फोन ठेवा, ताई," ते म्हणाले, "आणि आईपाशी बसा."

बसले. पुढे चार वर्षं बसायला मिळालं.