कमलाक्षीच्या भिंतीवरची बोट

पौषातलं धुकं नार्व्याच्या नदीवर असं बसलं होतं, की पलीकडचा काठ कुणी पुसून टाकल्यासारखा वाटावा. सगुण मिरचीच्या रोपांना पाणी घालत होता. दवानेच माती भिजलेली, पाण्याची तशी गरज नव्हती. पण सकाळी हाताला काम लागतं. वय अडुसष्ट. त्यातली पस्तीस वर्षं बार्जवर, माल वाहणाऱ्या सपाट होडीवर, गेली. खाणीची लोखंडी दगडमाती नदीतून मुरगावच्या बंदरात न्यायची आणि तिथे उभ्या परदेशी बोटींत चढवायची. माल चढेपर्यंत बाकीचे खलाशी पत्ते कुटायचे. सगुण मान वर करून बोट बघायचा. धुराडं आखूड की उंच, डोलकाठ्या किती, फाळका, म्हणजे माल उतरवायचं तोंड, कशाने झाकलाय. माणसांचे चेहरे राहावेत तशा त्या बोटी त्याच्या डोक्यात राहिल्या.

आता लोक त्याला मोबाईलवर जुने फोटो धाडतात. कुणाचा आजा, कुणाचा बाप, बोटीवर नोकरीला गेलेला तारवटी, मागे अर्धीमुर्धी बोट. "सगुणबाब, ही खंयची?" सगुण सांगतो, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतो.

"शेजाऱ्याचा नाव याद ऱ्हवना नाय," बायको विनोदिनी म्हणते, "आणि बोटींची पणजी-खापरपणजी तोंडपाठ!"

त्या सकाळी फोटो आला तो केरीहून. पाठवणारी गौरवी, तिथल्या म्हाताऱ्या कमलाक्षीच्या दिराची नात. खाली लिहिलेलं, 'फ्रेमीक वाळवी लागली म्हणून आजीक न विचारता उतरयली. पुठ्ठ्याखाली कडेन फोटो आणखी आसा, पळयात.'

सगुणने चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. मग पाण्याची कळशी वाफ्यातच आडवी ठेवून बांधावर बसला.

हा फोटो त्याने दहा वर्षांमागे बघितला होता. कमलाक्षीचा नवरा दत्ताराम, कठड्याला टेकलेला, हसरा, मागे मोठी बोट. १९७३ सालच्या आश्विनात जपानच्या बंदरातून आलेला. पाठीवर लिहिलेलं, 'आज नव्या बोटीवर चढलो.' त्या बंदरात तेव्हा त्याला कामावर घेणाऱ्या मालकाच्या दोनच बोटी होत्या, एलेनी आणि थेक्ला. नऊ दिवसांनी थेक्ला वादळात बुडाली. एकही माणूस वाचला नाही. दत्ताराम कुठल्या बोटीवर होता ते एजंटाच्या कागदावर नव्हतंच. बारा वर्षं झाल्यावर सासरच्यांनी दर्भाचा पुतळा जाळून क्रिया करायचं ठरवलं, तेव्हा कमलाक्षी आडवी आली. मडं दाखवा, मग कुंकू पुसते.

दहा वर्षांमागे सगुणने फोटो बघितला तो भिंतीवरच, स्टुलावर चढून, काचेतून. जित्या माणसाचा फोटो उतरवायचा नाही, तो उतरतो हार घालायलाच, हा कमलाक्षीचा नेम. मागची बोट त्याने बघताक्षणी ओळखली. आखूड धुराडं, त्यावर पांढरा पट्टा, तिसरी डोलकाठी किंचित कललेली. एलेनी! अठ्ठ्याहत्तर साली त्याने स्वतः तिच्यात माल भरला होता. एलेनी बुडाली नव्हती. म्हणजे दत्तारामही बुडाला नाही. कुठल्यातरी बंदरात उतरला असेल, तारवटी उतरतात. असं तो छाती ठोकून बोलला होता.

बार्जवरचा प्रत्येक जण मोठी बोट पाठीमागे घेऊनच फोटो काढायचा. सगुणनेही काढला होता. त्यामुळे दत्तारामही बार्जवर उभा आहे आणि मागची त्याची बोट, हे तो धरूनच चालला होता.

"फोनार सांगा मगे," सगळं ऐकून विनोदिनी म्हणाली.

"तेव्हा तोंडान सांगलेलंय. आता फोनान कसा सांगू?"

म्हापशाला बस बदलून तो केरीत पोचला तेव्हा ऊन चढलं होतं. पलीकडे तेरेखोलचा किल्ला पांढरा दिसत होता. कमलाक्षी सोप्यावर कुळीथ निवडत बसली होती. बहात्तर वर्षांची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"बोटींचो डॉक्टर इलो! चाय घेतलंस की पेज वाडू?"

"कमलाक्षीबाय, मी चुकलंय."

तिचा हात सुपात थांबला. गौरवीने आतून फोटो आणला. कडेचा चार बोटांचा पट्टा, जो इतकी वर्षं जाड पुठ्ठ्याखाली होता, तो पिवळा पडला नव्हता.

"हय पळे," सगुण म्हणाला. "तेच्या पायांकडे फाळको. वर लाकडाच्यो फळयो, ताडपत्री, बाजूक पाचरी. पाठल्या बोटीक लोखंडाची झाकणां, उबी केलली. असो फाळको बार्जाक नसता. दत्ताराम बार्जार न्हय, मोठ्या बोटीरच उबो आसा. आपली बोट आपल्या पाठीमागे येना नाय, बाय. पाठी दिसता ती शेजारची."

ती फोटोकडे बघत राहिली. मग पन्नास वर्षांत तोंडात न घेतलेलं त्या बोटीचं नाव तिने घेतलं.

"म्हणजे तो थेक्लार."

"हय."

गौरवी रडायला लागली. "तू गप गो," कमलाक्षी म्हणाली, आणि सगुणकडे वळली. "ही दहा वर्सां वडाक फेरे घातलंय. गुडघे दुखताना घातलंय, तू सांगलंस म्हणान. ते फेरे कोणाचे रे?"

सगुणला वाटलं, तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सूप बाजूला सारून ती म्हणाली, "तारीख सांग. भटाक तिथी लागतली."

"तेरा ऑक्टोबर, त्र्याहत्तर."

गौरवीने फोनवर बघितलं. आश्विन वद्य द्वितीया.

"द्वितीया," कमलाक्षी स्वतःशीच बोलली. "त्या दिसा मी खंय होतंय? कापणीक गेललंय आसतलंय. हसलेलंय पण आसान कोणाकडे." तिचा हात कपाळाकडे गेला आणि मधूनच परतला. "आज न्हय. आज ऱ्हवांदे."

सगुण उठला तेव्हा ती गौरवीला सांगत होती, नवी फ्रेम कर, पुठ्ठो घालू नको, सगळो दिसांदे.

तो घरी आला तेव्हा विनोदिनी चुलीकडे होती. ती त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "रातच्या आमटेक सोललेलो नारळ नाय."

सगुणने शर्ट काढून दोरीवर टाकला. मागच्या दारी जाऊन ढिगातले दोन नारळ हलवून बघितले, ज्यात पाणी वाजलं तो घेतला आणि सोलायला बसला.